खलनायकाची सुनावणी

साल १९८६, पश्चिम जर्मनीतलं डसेलडॉर्फ शहर. आयस्लर मेमोरियल रुग्णालयात केन्झो तेन्मा हा तरुण जपानी मेंदूशल्यविशारद एका लहान मुलावर शस्त्रक्रिया करायला निघाला आहे. मुलाच्या डोक्यात गोळी घुसली आहे. तेवढ्यात संचालकांचा निरोप येतो, की शहराच्या महापौरांना आणलंय, आधी त्यांना घ्या. काही दिवसांपूर्वी असाच एक हुकूम तेन्माने पाळला होता. आधी दाखल झालेल्या तुर्की मजुराला बाजूला ठेवून त्याने एका प्रसिद्ध गायकाला वाचवलं आणि मजूर गेला. त्या मजुराच्या बायकोचा आक्रोश त्याच्या कानांतून अजून गेलेला नाही. या वेळी तो हुकूम मोडतो. मुलगा वाचतो, महापौर दगावतात. तेन्माची बढती हुकते आणि संचालकांच्या मुलीशी ठरलेलं लग्नही मोडतं. सगळे जीव सारखे, एवढ्या एका तत्त्वापायी त्याने हे ओढवून घेतलेलं असतं. नऊ वर्षांनी त्याच्या डोळ्यांदेखत एक खून होतो, आणि खुनी शांतपणे त्याचे आभार मानतो. तो वाचवलेला मुलगाच असतो. त्याचं नाव जोहान लीबर्ट.

नाओकी उरासावा यांची 'मॉन्स्टर' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९४ ते २००१ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. मॅडहाउस या स्टुडिओने तिच्यावर ७४ भागांची अ‍ॅनिमे मालिका केली, ती २००४-०५मध्ये दूरचित्रवाणीवर आली. तिची सुरुवात एवढ्या तपशिलाने सांगितली, कारण अ‍ॅनिमेतले उत्तम खलनायक कसे घडवलेले असतात हे तिच्यात अगदी उघड दिसतं. जोहान हा तेन्माचा शत्रू आहेच, पण त्याआधी तो तेन्माच्या तत्त्वावर घेतलेला आक्षेप आहे. सगळे जीव सारखे असतील, तर याचाही जीव त्यात आला का? ज्याला वाचवलं त्याला मारायला डॉक्टर आता बंदूक घेऊन निघतो. मग आधीचं तत्त्व खोटं होतं, की आताचा निर्णय खोटा आहे? जोहानचंही म्हणणं आहे, की माणसं एकाच बाबतीत सारखी असतात, ती म्हणजे मरण्यात. तेन्माचं वाक्य उचलून त्याने ते उलटं करून ठेवलेलं असतं. ७४ भाग हा वाद चालतो.

खलनायकाला इतकी जागा देणं ही जपानी कथाकारांची जुनी सवय आहे, आणि तिचं मूळ चित्रकथांच्या फार मागे जातं.

सुगावारा नो मिचिझाने हा नवव्या शतकातला मोठा विद्वान आणि मंत्री. दरबारातल्या प्रतिस्पर्ध्यांनी केलेल्या चहाड्यांमुळे ९०१ साली त्याला क्यूशू बेटावरच्या दाझाइफूला हद्दपार केलं गेलं. दोन वर्षांनी तो तिथेच वारला. त्यानंतर राजधानीत त्याचे विरोधक एकामागून एक मरू लागले आणि ९३० साली खुद्द राजवाड्यावर वीज कोसळली. हा मिचिझानेच्या आत्म्याचा कोप आहे अशी लोकांची खात्री पटली. या काळात दरबाराने त्या आत्म्याला हुसकावून लावण्याचा प्रयत्न केला नाही. त्याची पदं त्याला मरणोत्तर परत दिली, आणि पुढे क्योतोत कितानोला त्याचं देवस्थान उभं राहिलं. आज तो विद्येचा देव आहे. परीक्षेच्या आधी जपानी विद्यार्थी त्याच्यापुढे हात जोडायला जातात. सूड घेणाऱ्यावर काहीतरी अन्याय झालेला असतो आणि तो अन्याय मान्य केल्याखेरीज त्याचा राग शमत नाही, ही समजूत जपानी मनात तेव्हापासून घट्ट बसलेली आहे.

नो नाट्याने या समजुतीला रंगमंच दिला. चौदाव्या-पंधराव्या शतकांत झेआमी या नाटककाराने जो साचा पक्का केला, त्यात एक प्रवासी, बहुधा भिक्षू, एखाद्या जागी येतो. तिथे त्याला कुणीतरी भेटतं. ते भूत असतं. मग ते भूत आपली कहाणी सांगतं, आपला शेवटचा दिवस पुन्हा जगून दाखवतं आणि प्रार्थना मागून निघून जातं. भिक्षू बहुतेक वेळ एका खांबाशी बसून ऐकत असतो. झेआमीच्या 'आत्सुमोरी' नाटकात तर ऐकणारा भिक्षू म्हणजे कुमागाइ. ११८४च्या लढाईत कोवळ्या आत्सुमोरीचं डोकं ज्याने उतरवलं, तोच हा योद्धा. मारणारा आणि मेलेला समोरासमोर येतात. भूत सूड घ्यायला आलेलं असतं, आणि शेवटी आपल्यासाठी प्रार्थना कर म्हणून सांगतं. याच परंपरेतला हान्याचा मुखवटा अनेकांनी चित्रांत पाहिलेला असेल. दोन शिंगं, विचकलेले दात, मत्सराने राक्षसीण झालेली बाई. नट मान ताठ ठेवतो तेव्हा तो मुखवटा संतापलेला दिसतो. मान किंचित खाली झुकवली की तोच मुखवटा रडतो.

कोयोहारु गोतोगे यांची 'किमेत्सु नो याइबा', जगभर 'डीमन स्लेयर' या नावाने गाजलेली मालिका, हा साचा जवळजवळ जसाच्या तसा वापरते. काळ तैशो राजवटीचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. माणसं खाणारे राक्षस आहेत, त्यांची डोकी उडवणारे तलवारबाज आहेत. पण यातला प्रत्येक राक्षस कधीतरी माणूस होता, आणि डोकं उडाल्यावर देह राख होत जातो त्या थोड्या क्षणांत त्याची हकीकत उलगडते. रुइ नावाचा राक्षस एका डोंगरावर भीतीच्या जोरावर खोटं कुटुंब सांभाळून असतो. कुणी आई, कुणी बाप, कुणी भाऊ-बहीण. आपली भूमिका नीट वठवली नाही त्याला यातना. त्याची मूळ गोष्ट अशी, की तो जन्मतः दुबळा, धड चालताही न येणारा मुलगा होता. राक्षस होऊन त्याला बळ मिळालं. तो माणसं खातो हे कळल्यावर आईबापांनी त्याला मारायचं आणि आपणही मरायचं ठरवलं. त्याने दोघांना ठार केलं. ते आपल्याबरोबर मरायला निघाले होते, आपलं पाप वाटून घेणार होते, हे त्याला फार उशिरा उमगलं. जे स्वतःच्या हाताने तोडलं तेच तो पुढे धाक घालून पुन्हा बांधू पाहतो.

रुइचं डोकं गियू हा वरिष्ठ तलवारबाज उडवतो. राख होत चाललेल्या त्या देहावर तान्जिरो, कथेचा नायक, हात ठेवतो. गियू पुढे येतो, रुइच्या कपड्यांवर पाय देतो आणि माणसं खाणाऱ्याची दया करू नकोस म्हणून बजावतो. तान्जिरो त्याला जे सांगतो त्याचा आशय असा, की मेलेल्यांसाठी आणि पुढच्यांच्या रक्षणासाठी मी राक्षसांवर तलवार चालवताना कचरणार नाही, पण ज्याला आपल्या कृत्याचा पश्चात्ताप झाला त्याला मी तुडवणार नाही. या मालिकेवरचा 'मुगेन ट्रेन' हा चित्रपट २०२० साली आला आणि 'स्पिरिटेड अवे'चा जुना विक्रम मोडून जपानमधला सर्वाधिक कमाईचा चित्रपट ठरला. तेव्हा हे ऐकून घेणं चार जाणकारांपुरतं राहिलेलं नाही. शाळकरी पोरांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळ्या जपानने ते पाहिलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. रुइला शिक्षा झालेलीच आहे. सुनावणी झाली म्हणून कुणी सुटत नाही. आपल्याकडे खलनायकाच्या दुःखाचा विषय निघाला, की लगेच 'म्हणजे तुम्ही त्याचं समर्थन करताय का?' असा प्रश्न येतो. तान्जिरोची तलवार आणि तान्जिरोचा हात हे त्याला पुरेसं उत्तर आहे. दोन्ही एकाच माणसाचे आहेत आणि त्यांत विरोध नाही.

पण या परंपरेत एक धोकाही आहे आणि कमी ताकदीच्या मालिका त्यात हटकून सापडतात. खलनायकाचं बालपण दाखवायचं, एखादा मार, एखादी उपासमार, आईचा मृत्यू, आणि हिशेब मिटला म्हणायचं. दुःख झालं म्हणून दुष्ट झाला. मानसशास्त्र इतकं सोपं नाही. हवाई बेटांपैकी काउआइ बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही दशकं पाठपुरावा केला. त्यांत गरिबी, घरातली भांडणं, आईबापांची व्यसनं किंवा मानसिक आजार अशा अनेक अडचणींत वाढलेली बरीच मुलं होती. त्या जोखमीतल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मोठी होऊन कर्तबगार, स्वतःवर विश्वास असलेली, दुसऱ्याची काळजी घेणारी माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा निदान एक तरी माया लावणारं मोठं माणूस होतं, हेही अभ्यासात दिसून आलं. जखमेचा परिणाम होतो यात शंका नाही. मात्र ती जखम माणसाला कुठे नेईल हे तिच्यावरून सांगता येत नाही.

उरासावा यांना हे पक्कं ठाऊक आहे, आणि म्हणून मला जोहान हा अ‍ॅनिमेतला सर्वांत प्रामाणिकपणे लिहिलेला खलनायक वाटतो. ते आपल्याला एकामागून एक कारणं देत जातात. पूर्व बर्लिनमधलं 'किंडरहाइम ५११' हे अनाथालय, जिथे मुलांवर प्रयोग करून भावनाशून्य माणसं घडवायचा घाट घातला होता. प्रागमधला लाल गुलाबांचा वाडा, जिथे मुलांना गोष्टी वाचून दाखवत त्यांची मनं पोखरली जात. नाव नसलेल्या राक्षसाची एक चित्रपुस्तिका. दरवेळी वाटतं, मिळालं उत्तर. आणि दरवेळी उरासावा ते उत्तर काढून घेतात. किंडरहाइममधूनच ग्रिमर नावाचा माणूसही बाहेर पडलेला आहे. त्याला भावना उमटत नाहीत. कधी हसायचं, कधी रडायचं हे तो शिकून घेऊन करतो. स्वतःचं मूल गेलं तेव्हा त्याला रडू आलं नव्हतं. हाच माणूस अनोळखी मुलांसाठी जीव धोक्यात घालतो. अनाथालय तेच, छळ तोच, आणि बाहेर पडलेली माणसं मात्र दोन टोकांची. प्रयोगशाळेत दोन नमुने शेजारी मांडावेत तसे जोहान आणि ग्रिमर कथेत मांडलेले आहेत.

लाल गुलाबांच्या वाड्याचं रहस्य तर याहून विलक्षण आहे. त्या वाड्यात जोहान गेलाच नव्हता. गेली होती ती त्याची जुळी बहीण. परत आल्यावर तिने पाहिलेलं सगळं भावाला सांगितलं, आणि त्याने ते इतकं आत घेतलं की ती आठवण त्याची स्वतःची झाली. स्मृती ही साठवलेली चित्रफीत नसते, आठवताना आपण ती दरवेळी नव्याने रचतो, आणि ऐकलेल्या गोष्टीही त्या रचनेत शिरतात हे मानसशास्त्राने आता चांगलंच दाखवून दिलंय. उरासावा यांनी त्याचा वापर थेट खलनायकाच्या गाभ्यात केला. जगाला हादरवणाऱ्या या माणसाची मूळ जखमच दुसऱ्याची आहे.

त्याच्या खाली आणखी एक थर आहे. दोन जुळ्यांपैकी एकाला घेऊन जायला माणसं दारात आली, तेव्हा आईने एकीचा हात सोडला. दोन्ही मुलं सारख्याच पोशाखात होती. तिने खरंच मुलाला ठेवायचं ठरवलं होतं, की त्या क्षणी तिची गल्लत झाली? मालिकेच्या अखेरीस जोहानचा प्रश्न हाच आहे. आईला मी हवा होतो का? आपल्याला ओळखणारं, आपल्या नावाने हाक मारणारं प्रत्येक माणूस पुसून टाकत शेवटी स्वतःही पुसलं जायचं, असा त्याचा सगळा बेत होता. तो या प्रश्नातून निघाला असावा असं म्हणता येतं. ठामपणे मात्र काहीच म्हणता येत नाही. उत्तर मिळत नाही, आणि मालिका संपते तेव्हा रुग्णालयातली त्याची खाट रिकामी असते. काही प्रेक्षकांना हा शेवट अपुरा वाटतो. मला तो एकमेव शक्य शेवट वाटतो. बालपणाचं एखादं कारण देऊन उरासावा यांना मोकळं होता आलं असतं, आणि मग त्या कथेतल्या शेकडो मृत्यूंची किंमत एका वाईट आठवणीएवढी झाली असती.

दुसऱ्या जातीचा खलनायक दुःखातून येतच नाही. लाइट यागामी बघा. त्सुगुमी ओबा यांचं लेखन आणि ताकेशी ओबाता यांची चित्रं असलेली 'डेथ नोट' २००३ ते २००६ या काळात 'शोनेन जंप' साप्ताहिकात आली, आणि तिच्यावरची ३७ भागांची मालिका २००६-०७मध्ये. लाइट हुशार, देखणा, शाळेत पहिला. वडील पोलीस खात्यात मोठे अधिकारी, घर सुखाचं, धाकटी बहीण लाडकी. कुठेही व्रण नाही. र्‍यूक नावाचा मृत्युदेव निव्वळ कंटाळा आला म्हणून एक वही पृथ्वीवर टाकतो. चेहरा डोळ्यांसमोर आणून ज्याचं नाव या वहीत लिहावं तो मरतो, आणि कारण लिहिलं नाही तर ४० सेकंदांत हृदय बंद पडून मरतो.

लाइट पहिलं नाव लिहितो ते वही खरी आहे का ते बघायला. मुलांना ओलीस धरणारा एक गुन्हेगार दूरदर्शनच्या पडद्यावर दिसत असतो, तो मरतो. दुसरं नाव रस्त्यावर एका बाईला त्रास देणाऱ्या टवाळाचं. तोही मरतो. मग लाइटला कळतं की आपण दोन माणसं मारली. त्याची झोप उडते, वजन घटतं. याच दिवसांत त्याच्या मनात नव्या जगाची कल्पना जन्म घेते. मी गुन्हेगार संपवीन, भल्या माणसांचं जग उभं करीन, आणि त्या जगाचा देव होईन.

हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी कृत्य, नंतर तत्त्वज्ञान. लिओन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली मांडलेला सिद्धान्त इथे चपखल बसतो. आपण केलेली गोष्ट आणि आपली स्वतःविषयीची कल्पना यांचा मेळ बसेना, की मनात ताण तयार होतो. झालेली गोष्ट तर मागे घेता येत नाही. मग माणूस विचार बदलतो. १९५९मध्ये फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांनी काही विद्यार्थ्यांना अतिशय रटाळ काम दिलं आणि ते मजेदार होतं असं पुढच्या माणसाला खोटं सांगायला लावलं. काहींना त्याचे २० डॉलर दिले, काहींना एकच. नंतर विचारल्यावर, एक डॉलर मिळालेल्यांनी ते काम खरोखरच बरं होतं असं अधिक प्रमाणात सांगितलं. २० डॉलरवाल्यांकडे खोटं बोलायला बाहेरचं कारण होतं. एक डॉलरवाल्यांना ते आतून शोधावं लागलं. लाइटवर तर कुणाचीच सक्ती नव्हती, म्हणून त्याचं आतलं कारण तितकंच अवाढव्य झालं. दोन खुनांचं समर्थन करायला अख्खं नवं जग लागलं.

ओबा यांनी पुढे याची उलटतपासणीही घेतली आहे, आणि मालिकेतली मला सर्वांत थक्क करणारी जागा तीच. संशय टाळण्यासाठी लाइट वहीवरचा हक्क सोडतो. नियम असा, की हक्क सोडला की वहीविषयीची सगळी स्मृती जाते. क्षणात तो सरळमार्गी, हळवा, न्यायी मुलगा होतो. निष्पापांचा वापर करून घ्यायला नकार देतो, आणि ज्या 'किरा' नावाच्या खुन्याला पकडायला मदत करतो तो आपणच असू शकतो या शंकेने व्याकूळ होतो. बुद्धी तीच, स्वभाव तोच, संस्कार तेच. गेली आहे ती फक्त वहीची आणि तिच्यातून केलेल्या खुनांची आठवण. पुढे हेलिकॉप्टरमध्ये वही त्याच्या हाताला लागते, तो किंचाळतो, सगळं आठवतं आणि त्याच मिनिटाला तो मनगटी घड्याळात दडवलेल्या कागदाच्या कपट्यावर पुढचं नाव लिहितो. दुष्टपणा रक्तात नव्हता. केलेल्याचं समर्थन करत राहण्याच्या गरजेत तो होता.

दरम्यान लक्ष्य कसं सरकत जातं तेही पाहण्यासारखं आहे. सुरुवातीला गुन्हेगार. मग 'मी गुप्तहेर एल' असं सांगत दूरदर्शनवर आलेला आणि किराला दुष्ट म्हणणारा तोतया. त्या वेळी तो गुन्हेगार आहे हे लाइटला माहीत नसतं, फक्त अपमान झालेला असतो. मग तपासाला आलेले अमेरिकी अधिकारी. मग त्यांतल्या एकाची वाग्दत्त वधू. नाव लिहून मारायचं असल्यामुळे रक्त दिसत नाही, किंकाळी ऐकू येत नाही, आणि खुनाला 'निवाडा' म्हणता येतं. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँडुरा यांनी नीतीपासून मन तोडून घेण्याच्या ज्या युक्त्या सांगितल्या आहेत, सौम्य शब्द, बळीपासूनचं अंतर, थोर हेतू, त्या सगळ्या या एका वहीत आहेत.

ही कथा जपानमध्येच का लिहिली गेली, याला संदर्भ आहे. त्या देशात फाशी आजही दिली जाते. कैद्याला ती त्याच दिवशी सकाळी कळते, आणि सरकारी पाहण्यांत तिला वर्षानुवर्षं ८० टक्क्यांच्या आसपास पाठिंबा मिळत आलाय. दुसरा संदर्भ २० मार्च १९९५चा. ओम शिनरिक्यो पंथाच्या अनुयायांनी तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला. डझनाहून अधिक माणसं मेली, हजारो जखमी झाली. वायू सोडणाऱ्यांत भौतिकशास्त्र शिकलेले तरुण होते, एक हृदयशल्यविशारद होता. जग वाचवायचं म्हणून माणसं मारणारा हुशार तरुण ही त्या पिढीसाठी कल्पनेतली गोष्ट राहिली नव्हती.

केंतारो मिउरा यांच्या 'बर्सर्क'मधला ग्रिफिथही याच वाटेने जातो, फक्त त्याच्याकडे हिशेब आधीपासून साठलेला असतो. गरीब गल्लीतून निघालेला हा सेनापती स्वतःचं राज्य मिळवायच्या स्वप्नामागे आहे, आणि त्या स्वप्नापायी अनेक सैनिक मेलेले आहेत. तुरुंगातल्या वर्षभराच्या छळाने शरीर निकामी झाल्यावर त्याच्यापुढे सौदा येतो, की उरलेले सोबती बळी दे आणि स्वप्न घे. त्याला दाखवली जाते ती प्रेतांची रास. थांबलास तर हे सगळे फुकट मेले. अर्थशास्त्रात ज्याला बुडीत खर्चाचा सापळा म्हणतात, तो इथे माणसांच्या जिवात मोजलेला आहे. तो होकार देतो. मिउरा २०२१मध्ये वारले, पण त्या होकारावरचा वाचकांचा वाद अजून थांबलेला नाही.

तिसरा प्रकार खलनायकाच्या निदानाचा. त्याचं निदान बरोबर असतं आणि उपचार भयंकर. नोबुहिरो वात्सुकी यांच्या 'रुरोनी केन्शिन'मधला माकोतो शिशिओ हा मेइजी सरकारचाच जुना मारेकरी. त्याला फार गोष्टी ठाऊक आहेत म्हणून सरकारने त्याला मारून पेटवून दिलं. तो जगला. अंगभर पट्ट्या, घामाच्या ग्रंथी जळालेल्या, शरीराची उष्णता बाहेर पडेना म्हणून १५ मिनिटांपलीकडे लढता येत नाही. बळी तो कान पिळी, हे त्याचं सगळं तत्त्वज्ञान. आता हे लक्षात घ्या, की १८७८ सालच्या ज्या जपानात ही कथा घडते, त्याच जपानात थोड्याच वर्षांनी, १८८२मध्ये, हिरोयुकी कातो या नामवंत विद्वानाने माणसाला निसर्गदत्त हक्क असतात ही कल्पनाच उत्क्रांतिवादाच्या नावाखाली मोडीत काढणारं पुस्तक लिहिलं होतं. शिशिओ बाहेरून आलेला नाही. नव्या राज्याच्या पोटातलाच विचार त्याने मोठ्याने बोलून दाखवला.

'सायको-पास'मधला शोगो माकिशिमाही तसाच. २०१२च्या या मालिकेत सिबिल नावाची यंत्रणा प्रत्येकाच्या मनाचं मोजमाप करते आणि गुन्हा घडण्याआधीच माणसाला धरते. माकिशिमा तिच्या डोळ्यांदेखत खून करतो, आणि तिच्या मोजमापात तो निर्मळच दिसतो. माणसांनी स्वतः निर्णय घेणं सोडून दिलंय, ही त्याची तक्रार खरी आहे. म्हणून तो जे करतो ते बघताना जास्त त्रास होतो. मालिकेची पटकथा इथे थोडी पुस्तकांच्या नावांवर जास्त विसंबते, तरी मुद्दा पोचतो.

या सगळ्यांच्या बाहेर उभी आहे एक बाई. हायाओ मियाझाकी यांच्या 'प्रिन्सेस मोनोनोके'तली एबोशी. ती जंगल तोडते, वनदेवतेवर बंदूक चालवते, म्हणजे कथेच्या मांडणीत खलनायकाचं काम तिचंच. पण तिने कुंटणखान्यांतल्या बायका पैसे भरून सोडवून आणल्या आहेत आणि तिच्या लोखंडाच्या गावात भात्यांवर त्या ताठ मानेने राबतात. बंदुका बनवतात ते कुष्ठरोगी, ज्यांना कुणीही जवळ केलं नाही आणि ज्यांच्या जखमा तिने स्वतःच्या हाताने धुतल्या. हा चित्रपट १९९७चा. कुष्ठरुग्णांना समाजापासून वेगळं कोंडून ठेवणारा जपानमधला कायदा १९९६मध्ये, आदल्याच वर्षी, रद्द झाला होता. मियाझाकी यांच्या घराजवळच तामा झेन्शोएन ही कुष्ठरुग्णांची जुनी वसाहत आहे, आणि तिथे गेल्यावर आपल्याला काय जाणवलं हे त्यांनी जाहीरपणे सांगितलंय. आनंदवन माहीत असलेल्या मराठी प्रेक्षकाला एबोशीचं मोठेपण वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तिचं बालपण चित्रपट सांगत नाही. तिच्या मनात विकृती नाही, भ्रम नाही. ती आपल्या माणसांसाठी लढते आणि जंगल आपल्या प्राण्यांसाठी. शोकान्तिका म्हणजे योग्य आणि योग्य यांची टक्कर, असं हेगेल म्हणत असे. मानसशास्त्राला इथे फारसं काही करायला उरत नाही. शेवटी तिचा हात तुटतो, जंगलाचा देव मरतो, आणि ती म्हणते की आपण नव्याने, चांगलं गाव उभारू. तिचा पराभव झाला असं मला कधीच वाटलं नाही, आणि ती जिंकली असंही नाही.

आता एक काळजीची गोष्ट. जोहान, लाइट, माकिशिमा यांची भाषणं आज मोबाइलवर अर्ध्या-एक मिनिटाच्या तुकड्यांत फिरतात. मागे घुमणारं संगीत, पडद्यावर ठळक अक्षरं, आणि खाली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे होकार. त्या तुकड्यांत भाषण असतं, मेलेली माणसं नसतात. रुइचं दुःख असतं, त्याने छळलेली पोरं नसतात. सुनावणीतून फक्त आरोपीचं म्हणणं कापून घेतलं, तर ती सुनावणी राहत नाही, प्रचार होतो. या लेखकांनी वर्षानुवर्षं खपून जो तोल सांभाळला तो असा काही सेकंदांत जातो.

म्हणून घरातला मुलगा किंवा मुलगी लाइटचं कौतुक करू लागली तर दटावू नका, आणि कार्टून म्हणून हसूनही सोडू नका. शेजारी बसा आणि ३७ भाग पुरे करा. पंचविसाव्या भागात लाइटच्या मागावर असलेला खरा एल मरतो, आणि त्यानंतरचे भाग रंगत नाहीत असं म्हणून बरेच जण मालिका तिथेच सोडतात. ते १२ भाग सोडू देऊ नका. लाइटला जे म्हणायचं होतं त्यावरचा निकाल त्यांतच आहे.